पडवीतले मशीन

जनरेटर ही वस्तू आपल्या वस्तीला नवी नाही. जयंतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर धडधडत जाणारे मशीन आपण लहानपणापासून पाहात आलो आहोत. लग्नात ते मंडपाच्या मागे असते, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या दारात असते. त्याच्या आवाजाला सगळे शिव्या घालतात आणि लाईट गेली की सगळ्यांना तेच हवे असते. अशा ओळखीच्या वस्तूने आमच्या घरातली चार माणसे जवळजवळ नेली होती. ही हकीकत आम्ही फारशी कोणाला सांगत नाही, कारण चूक आमचीच होती. परंतु चूक लपवून ठेवली तर ती दुसऱ्याच्या घरी पुन्हा होते, म्हणून भगिनी-बांधवांपुढे आज ती मांडतो आहोत.

आमचे गाव मंडणगड तालुक्यात. आम्ही मुंबईला भाड्याच्या खोलीत राहतो. २०२० साली टाळेबंदीत काम बंद झाले, खोलीचे भाडे थकले, तेव्हा मे महिन्यात आम्ही बायका-मुलांसह गावी गेलो. चौदा दिवस शाळेत काढले आणि मग बौद्धवाडीतल्या आमच्या घरी, म्हाताऱ्या आईजवळ आलो. घरात पाय ठेवून आठवडा झाला नाही तोच ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. मध्ये फक्त बाणकोटची खाडी. पलीकडे काय झाले ते नंतर कळले. आमच्याकडे दोन-तीन तासांत आंबे, फणस, सुपारी आडव्या झाल्या, विजेचे खांब काडीसारखे मोडले, घराचा अर्धा पत्रा कोणाच्या शेतात जाऊन पडला ते दोन दिवसांनी सापडले. आमच्या वाडीत दिवे आले ते महिन्याभराने.

ज्यांनी तो महिना काढला त्यांना सांगायला नको. विहिरीवर पंप आहे पण वीज नाही. मोबाईल बंद, म्हणजे मुंबईच्या माणसांशी संबंध तुटलेला. बाजूच्या गावात कोणी जनरेटर घेऊन येई आणि पैसे घेऊन टाक्या भरून देई, मोबाईल चार्ज करून देई. आमच्या वाडीचे नशीब असे, की मंडळाचे स्वतःचे मशीन होते. दोन केव्हीएचे, पेट्रोलवर चालणारे, जयंतीच्या लाऊडस्पीकरसाठी वर्गणी काढून जुने घेतलेले. त्या वर्षी १४ एप्रिलला सगळ्यांनी जयंती घरातल्या घरात साजरी केली, त्यामुळे ते विहाराच्या कोपऱ्यात गुंडाळून पडले होते. वादळाच्या तिसऱ्या दिवशी ते बाहेर निघाले. पेट्रोल ज्याचे त्याने आणायचे आणि पाळीपाळीने वापरायचे असे ठरले.

आमच्या आईला दमा आहे. नेब्युलायझर, म्हणजे वाफेतून औषध देणारे ते छोटे यंत्र, तिला रात्री लागते. म्हणून मंडळाने रात्रीची पाळी आम्हाला दिली. वाडीने आमच्यासाठी एवढे केले, ही गोष्ट आम्ही विसरणार नाही. पुढे जे घडले त्यात वाडीचा काही दोष नाही.

पहिल्या रात्री मशीन अंगणात ठेवले. पाऊस आला. धावत जाऊन बंद केले. दुसऱ्या दिवशी घरात चर्चा झाली. मशीन मंडळाचे. भिजून बिघडले तर भरून कोण देणार? रात्री कोणी उचलून नेले तर? महिनाभर कमाई नाही, खिशात पैसा नाही, आणि वर मंडळाचे देणे डोक्यावर. शेजारच्या घरात तान्हे मूल, त्याला आवाजाचा त्रास. असे सगळे धरून आम्ही मशीन पडवीत घेतले. पडवीचा पत्रा उडालेला होता, म्हणून वरून आणि तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधलेली. धूर जाण्यासाठी एक कोपरा उघडा ठेवला. धूर त्यातून बाहेर जातही होता. आम्हाला वाटले, धूर गेला म्हणजे झाले.

आईचा वाफारा दहा मिनिटांत आटोपे. तेवढ्यावर मशीन बंद केले असते तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. पण एकदा चालू केले आहे तर पोरीला डास चावणार नाहीत, पंखा राहू दे, सगळ्यांचे मोबाईल भरून घेऊ, असे करत टाकीतले पेट्रोल संपेपर्यंत ते चालू ठेवून आम्ही झोपून जात असू. पडवी आणि माजघर यांच्यामध्ये एक दार, आणि त्याच दारातून वायर आत घेतलेली, म्हणून दार पूर्ण लागत नसे.

पहिल्या सकाळी डोके जड. जागरण झाले, पोटात नीट अन्न नाही, म्हणून असेल. दुसऱ्या सकाळी सहा वर्षांच्या मुलीला उलटी झाली. आई म्हणाली, "बाधलं असेल काहीतरी, विहिरीचं पाणी गढूळ आहे." दिवसभर शेतात पडलेले पत्रे गोळा करताना आम्हाला बरे वाटले, मुलगीही खेळली. तिसऱ्या सकाळी मात्र आई उठेना. हाक मारली की डोळे उघडी, काहीतरी असंबद्ध बोले, पुन्हा झोपी जाई. घरच्या मंडळींना चुलीपाशी चक्कर आली, त्या भिंत धरून खाली बसल्या. मुलगी उलट्या करीत होती. आमचे स्वतःचे पाय असे झाले होते की उंबरठा ओलांडणे जड.

आता तो काळ आठवा. मुंबईहून आलेले चाकरमानी, आणि सगळे घर एका वेळी आजारी! वाडीत बातमी पसरायला पाच मिनिटे लागली नाहीत. लोक अंगणाच्या कडेला उभे राहिले, तोंडाला रुमाल लावून. कोणी वाईट बोलले नाही, पण पुढेही कोणी येईना. एका शेजाऱ्याच्या मुलाने मुंबईहून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणले होते. ते त्याने काठीला बांधून आत दिले. आईच्या बोटाला लावले तर आकडा आला ९८. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ऑक्सिजन चांगला आहे, म्हणजे कोरोना नाही, पडू द्या त्यांना अंथरुणात, असे ठरत आले होते.

त्यांना तसेच पडू दिले नाही ते वाडीतल्या नानांनी. नाना एका मोठ्या शहरात ड्रेनेजच्या कामावर आयुष्य काढून, मुकादम होऊन निवृत्त झालेले. मॅनहोलमध्ये उतरलेली माणसे वर आली नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. ते अंगणात उभे राहून एकेक विचारू लागले.

"ताप आहे का कुणाला?"

ताप कोणाला नव्हता.

"खोकला? घसा?"

नाही.

"थोरला कुठं आहे तुमचा? त्याला काय होतंय?"

थोरला चौदा वर्षांचा. पत्रा उडाल्यापासून तो वाडीतल्या पोरांबरोबर विहारात झोपायला जाई. तो आमच्यासमोर ठणठणीत उभा होता.

"काल शेतात होतात तेव्हा डोकं दुखत होतं?"

आम्ही म्हणालो, नाही नाना, दिवसा बरं वाटतं.

नानांनी पडवीकडे पाहिले आणि एकदम ओरडले, "अरे बाबांनो, हा रोग नाही, गॅस आहे! म्हातारीला आधी बाहेर काढा!"

मग नाना स्वतः आत शिरले. त्यांच्या मागोमाग चार तरुण आले. आईला चादरीत घालून अंगणात आणले. पाऊस भुरभुरत होता तरी छत्री धरून तिथेच ठेवले. तासाभरात मुलीच्या उलट्या थांबल्या. आईला रिक्षातून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. रस्त्यावर पडलेली झाडे तोडून वाट केलेली होती, त्या वाटेने. तिथे तिला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ती आम्हाला नावाने हाक मारू लागली.

डॉक्टरांनी जे समजावले ते आमच्यासारख्या माणसाला कळेल अशा भाषेत होते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, कोळसा, लाकूड, काहीही नीट जळले नाही की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. आपल्याला वास येतो तो धुराचा. धूर उडून गेला तरी हा वायू घरात राहतो. रक्तातल्या लाल द्रव्याला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून अधिक जोराने चिकटतो, मग ऑक्सिजनला जागा उरत नाही. माणूस श्वास घेतो आहे, छाती वरखाली होते आहे, आणि आतून गुदमरतो आहे. आधी डोके दुखते, मळमळते, पायातले बळ जाते, सुस्ती येते. झोपलेल्याला तर यातले काही कळतच नाही. लहान मुले, गरोदर बाई, अंगात रक्त कमी असलेली माणसे, हृदयाचे आणि दम्याचे रोगी यांना तो लवकर पकडतो.

आणि ते ऑक्सिमीटर? ते या वायूपुढे फसते. बोटातून प्रकाश टाकून ते रक्ताचा लालपणा पाहते, आणि हा वायू चिकटलेले रक्त लालच असते. म्हणून माणूस मरणाच्या दारात असताना ते ९८ दाखवू शकते. कोरोनानंतर पुष्कळ घरांत हे यंत्र कपाटात आहे. म्हणून ही गोष्ट लिहून ठेवावी असे आम्हाला वाटते.

वायू शिरल्यावर उघड्या हवेत राहिले तर रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, दवाखान्यातला शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून बाहेर आल्यावर बरे वाटले तरी दवाखाना टाळू नये. डॉक्टरांना "घरात जनरेटर चालू होता" हे आपणहून सांगावे. आपण सांगितले नाही तर पित्त किंवा अन्नविषबाधा समजून गोळ्या देऊन परत पाठवण्याचा संभव असतो.

आम्ही घरी आलो त्या रात्री विहारात कंदिलाच्या उजेडात बैठक झाली. आम्ही सर्वांपुढे उभे राहून सांगितले की मशीन पडवीत आम्हीच घेतले. आम्हाला वाटले होते बोलणी बसतील. पण दुसऱ्या आळीतल्या एका काकी उठून म्हणाल्या, "आमच्याकडे दुपारी चुलीच्या खोलीतच होतं की. पाऊस होता ना." मग आणखी एक जण म्हणाला, मागच्या पडवीत. तेव्हा ध्यानात आले की सहा घरांनी तेच केले होते. त्यांनी अर्धा-पाऊण तासच चालवले म्हणून निभावले. आणि सगळ्यांचे कारण एकच: पाऊस आणि चोरी. मशीन घरात घेऊ नका असे नुसते सांगून उपयोग नाही, त्या दोन गोष्टींची सोय लावल्याशिवाय माणूस ते आत घेणारच.

सोय नानांनी लावली. वाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत, कोणत्याही घराच्या दार-खिडकीपासून निदान वीस फूट लांब, चार बांबू रोवून वर उडालेल्या पत्र्याचा तुकडा बांधला. चारही बाजू उघड्या. खाली दगडांचा ओटा, म्हणजे पाणी साचणार नाही. मशीनच्या धुराड्याचे तोंड घरांकडे नाही, शेताकडे. आणि कुत्र्याला बांधतात तसली नव्हे, चांगली जाड साखळी आणून मशीन आंब्याच्या खोडाला कुलूप लावून बांधले. साखळी-कुलपाला जो काही खर्च आला तो सगळ्यांनी मिळून दिला. एवढ्यासाठी आमच्या घरची चार माणसे जाणार होती!

खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला तर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. चालत नाही. पडवी, जिना, चाळीची गॅलरी, दुकानाचा पोटमाळा, शटर अर्धे उघडे ठेवलेला गाळा, यातली एकही जागा बाहेरची नाही. मशीन बंद केल्यावरसुद्धा हा वायू कोंडलेल्या जागेत काही तास राहतो. थंडीत खोलीत शेगडी पेटवून दार लावून झोपणे आणि बारक्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालवणे, यातही हाच वायू आहे.

आमच्या घरची बातमी कोठे छापून आली नाही, कारण कोणी मेले नाही. पण पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर येथे रात्री लाईट गेली म्हणून घरात जनरेटर लावून झोपलेल्या एका कुटुंबातली सहा माणसे गेली. त्यात मुले होती, नुकतेच लग्न झालेले जोडपे होते. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या घरात कोणाला जेवण गेले नाही.

विजेच्या बाबतीतही आमच्या वाडीने एक मूर्खपणा केला, तोही सांगून टाकतो. घराघरात वायर ओढण्यापेक्षा सोपे म्हणून एका हुशार पोराने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवली. एक टोक मशीनमध्ये, दुसरे घराच्या सॉकेटमध्ये. घरातले सगळे दिवे एकदम लागले! टाळ्या पडल्या. मेन स्विच कोणी पाडलेला नव्हता. त्याच सुमारास वीज कंपनीची माणसे बाहेरच्या जिल्ह्यातून येऊन, भर पावसात आमच्याकडचे खांब उभे करीत होती. घरातली वीज अशी उलटी तारेवर गेली की डीपीमधून ती वाढत जाते. आपल्याकडची २३० व्होल्ट पलीकडे हजारोंच्या घरात होते, आणि वर खांबावर चढलेल्या माणसाला वाटत असते लाईन बंद आहे. त्या वेळी लाईन पुढे तुटलेली होती आणि त्यांच्यातल्या एका वायरमनचे दिव्यांकडे लक्ष गेले म्हणून निभावले. तो आमच्यावर रागावला नाही. ती वायर हातात घेऊन एवढेच म्हणाला, "दादा, मलाही घरी दोन पोरं आहेत." ती वायर आम्ही तिथेच कापली. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा असेल तर लायसनवाल्या वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे एका वेळी एकच वीज घरात येते. ते परवडत नसेल तर मशीनमधून जाड, तीन पिनची, कोठेही न सोललेली वायर आणावी आणि तिच्यावर थेट दिवा-पंखा लावावा. ओल्या हाताने आणि पाण्यात उभे राहून मशीनला हात लावू नये हे सांगायची गरज नसावी, पण पावसात घाईघाईने आम्ही तेही केले आहे.

किती भार टाकायचा तेही एकदा मोजून पाहावे. एलईडी दिवा नऊ वॅटचा, पंखा पाऊणशेच्या आसपास. इस्त्री मात्र हजार वॅट खाते. पंप आणि फ्रिज चालू होताना क्षणभर नेहमीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त ओढतात, म्हणून ते आधी एकटे चालू करावेत, बाकीचे मागाहून.

पेट्रोलच्या बाबतीत आम्ही सर्वच जण निष्काळजी. पाण्याच्या बाटलीत आणतो आणि चुलीजवळ ठेवतो. चालू मशीनच्या टाकीत ओतू नये, बंद केल्यावर लगेचही ओतू नये. पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावे, कारण तापलेल्या भागावर थेंब सांडला तर भडका उडतो. विडी-काडी तर दूरच ठेवावी. कॅन घराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा असावा.

आता पुष्कळ घरांत बॅटरीवरचे इन्व्हर्टर आले आहेत. त्यांतून हा विषारी वायू निघत नाही, आणि आईसारख्या माणसाच्या वाफाऱ्याला तो पुरतो. आम्हीही पुढे हप्त्याने एक छोटा घेतला. त्याची पाण्याची बॅटरी खेळत्या हवेत ठेवावी लागते, एवढेच. ज्यांना मशीनशिवाय गत्यंतर नाही त्यांच्यासाठी कार्बन मोनॉक्साइड ओळखून ओरडणारा सेलवर चालणारा छोटा अलार्म मिळतो. मंडळाने वर्गणीतून दोन-चार घेऊन ठेवले तर पाळीबरोबर घरोघर फिरवता येतात.

आईला पूर्ण बरे व्हायला वेळ लागला. अशा विषबाधेनंतर काही आठवड्यांनीही माणूस विसराळू होऊ शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि तसेच झाले. चुलीवर भात ठेवून ती विसरे, नातवाला आमच्या नावाने हाक मारी. सहा-सात महिने गेले. त्या काळात आम्ही तिच्याशी फार बोलत नसू, कारण बोलायला लागलो की पडवी आठवे. एके दिवशी तीच म्हणाली, "बाबू, तू माझ्या श्वासासाठीच लावलं होतंस ना ते? मग तोंड का लपवतोस?"

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. पुन्हा दिवे गेले, पुन्हा मशीन बाहेर काढले. आम्ही मुंबईत होतो. फोन लावला तर नाना म्हणाले, आई घरोघर जाऊन विचारते आहे, रात्री मशीन कुठं ठेवणार? एका घराने ते मागच्या पडवीत नेले होते. आई तिथे गेली, बोलली काही नाही, दारापासून पावले मोजत अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. ते मशीन उचलून तिच्या पायापाशी आणून ठेवेपर्यंत ती तिथून हलली नाही. साखळीच्या कुलपाची किल्ली तेव्हापासून तिच्याच कनवटीला असते.